पहिली सहल घाटघरची

जुन्नर शहर मागे टाकून आपटाळे, चावंड अशी गावे घेत पश्चिमेकडे निघालेला रस्ता सुमारे तीस किलोमीटरवर घाटघरला येतो आणि तेथून थोड्याच अंतरावर, नाणेघाटाच्या तोंडाशी, संपतो. पुढे सह्याद्रीचा कडा आणि खाली कोकण. वाटेत माणिकडोह धरणाचे पाणी दिसत राहते. गावात भाताची खाचरे, हिरड्याची झाडे, महादेव कोळी समाजाची घरे आणि डोक्यावर जीवधन किल्ला. याच नावाचे दुसरे एक गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्यापलीकडे, जलविद्युत प्रकल्पासाठी प्रसिद्ध आहे. मोबाइलवरील नकाशाला नुसते ‘घाटघर’ सांगितले, तर तो भलतीकडे नेऊ शकतो. म्हणून ‘नाणेघाट’ असे शोधावे.

ज्या घरांत नुकतेच दत्तक मूल आले आहे, त्या घरांनी या गावाचा वेगळा विचार करावा. लहान बाळ दत्तक मिळण्यासाठी काही वर्षे प्रतीक्षा करावी लागते. त्यामुळे पाच-सहा वर्षांचे, बालगृहात वाढलेले मूल स्वीकारणारी दांपत्ये आता आपल्याही समाजात दिसू लागली आहेत. मूल घरी आले की आनंदाच्या भरात पहिला बेत ठरतो तो मोठ्या थीम पार्कचा. पुणे-मुंबई परिसरातल्या कुटुंबांच्या तोंडी नाव असते खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे. हे उद्यान 2013 साली सुरू झाले. त्याआधीच्या पिढीला गोराईचे एस्सेलवर्ल्ड आठवते. हौस चांगलीच आहे, फक्त क्रम तपासून पाहायला हवा.

जैन घरांना दत्तक नवे नाही. आपल्याकडे पिंडदानाची कल्पना नसल्यामुळे दत्तकाला धार्मिक विधीचे बंधन नव्हते. घर आणि पेढी पुढे चालावी, एवढाच हेतू असे, आणि जैनांचा दत्तक हा लौकिक व्यवहार आहे हे ब्रिटिश काळातील न्यायालयांनीही मान्य केले होते. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात जैनांचा समावेश झाला आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. परंतु त्या जुन्या पद्धतीत दत्तक मुलगा बहुधा भावकीतला असे, पुष्कळदा जाणता असे. तो कोठून आला, कोणाकडे आला, हे त्याला ठाऊक असे. आज बालगृहातून आलेल्या मुलीच्या बाबतीत तसे नसते. तिने आजवर पाहिलेले असते ते एवढेच, की पिशवी भरली जाते, गाडी येते आणि राहण्याची जागा बदलते. कधी आवडती ताई मागे राहते, कधी शेजारच्या खाटेवरची मैत्रीण. अशा मुलीसमोर ‘चला, दोन दिवस मजा करायला जाऊ’ असे म्हणत बॅगा भरायला काढल्या, तर तिला मजा ऐकू येईलच असे नाही. ती जेवणावरून उठेल, कपाटामागे जाऊन बसेल किंवा काहीही न बोलता नवे बूट काढून ठेवील, आणि घरचे म्हणतील की पोर हट्टी आहे.

थीम पार्कमध्ये आणखी एक अडचण असते आणि ती व्यापारी माणसाला चटकन समजावी. तेथे दिवसभराचे तिकीट आधीच काढलेले असते. सकाळी अकरालाच मूल गोंगाटाने भेदरले, अंधाऱ्या पाळण्यात शिरायला नको म्हणाले, गर्दीत आईचा पदर सोडीना, तरी पाय बाहेर वळत नाहीत. ‘एवढे पैसे भरले आहेत’ हा विचार आड येतो. गेलेली रक्कम गेली, तिच्यापायी उरलेला दिवस घालवू नये, हे दुकानात माहीत असलेले शहाणपण सहलीत सुचत नाही. मग मुलाची समजूत काढणे, आमिष दाखवणे, शेवटी रागावणे. त्यात मोठ्या एकत्र कुटुंबाची गंमत अशी, की नव्या मुलाच्या स्वागतासाठी काका, आत्या आणि दहा-बारा चुलत-आते भावंडेही बरोबर निघतात. बालगृहात सतत मुलांच्या घोळक्यात राहिलेल्या मुलीला हवे असलेले दोघे जण त्या गर्दीत हाती लागत नाहीत.

घाटघरला दिवसभराचे तिकीट नाही. नारायणगाव किंवा जुन्नर येथील कुटुंब सकाळी निघाले की नऊच्या आत पोहोचते आणि कंटाळा आला तर दुपारी बाराला परतते. कोणाचे काही वाया जात नाही. मुक्काम नसल्यामुळे बॅग नाही. डबा, पाण्याच्या बाटल्या आणि एक स्वेटर पुरे. पुण्याहून जायचे झाल्यास सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. ते जरा लांबच, पण पहाटे निघाल्यास एका दिवसात जमते.

पोहोचल्यावर पाहायचे काय? आधी तो दगडी रांजण. घाटमाथ्यावर वाटेच्या कडेला तो आजही आहे आणि कल्याण-सोपाऱ्याहून वर येणारा व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत असे, अशी परंपरा सांगितली जाते. पाच वर्षांच्या मुलीला सातवाहन कोण हे कळणार नाही. परंतु पैसे टाकायचे एवढे मोठे भांडे तिला नक्की कळेल. घाटाच्या खिंडीतून थोडे खाली उतरले की लेणे लागते. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, दोन हजार वर्षांहून जुना लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गायी, किती घोडे, किती कार्षापणे दिली, याचा त्यात हिशेब आहे. भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही येथे सापडतात. वही-खात्यात जन्म गेलेल्या वाचकाने त्या भिंतीसमोर दहा मिनिटे थांबायला हरकत नाही. जुन्नरच्या लेण्यांतही धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे, आणि मानमोडी डोंगरावरील अंबा-अंबिका लेण्यांत जैन मूर्ती आहेत. आपला समाज या वाटेवर उपरा नाही. मात्र तो सगळा डोंगर त्याच दिवशी चढण्याचा हट्ट धरू नये.

नाणेघाटच्या लेण्यात मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका, राजकुमार. आज वर नावे आहेत, खाली पावलांच्या खुणा, मधले सारे गेले आहे. ‘ही माणसे कुठे गेली?’ असे मूल विचारील. कदाचित त्याला जोडून, ‘माझी आधीची माणसे कुठे गेली?’ असेही. हा प्रश्न आला तर विषय बदलू नये. जेवढे ठाऊक असेल तेवढे, मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावे आणि ठाऊक नसेल तेथे तसे म्हणावे. दत्तक असल्याचे लपवून ठेवण्याची जुनी रीत आता कोणीही जाणकार सुचवत नाही. दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्थेच्या समाजसेविका मुलाची विचारपूस करतात. सहलीपूर्वी त्यांच्याशी बोलून घेणेही उपयोगी पडते. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश अद्याप हाती आला नसेल, तर संस्थेच्या कागदांची प्रत गाडीत ठेवावी.

ऋतू मार्गशीर्ष-पौषाचा निवडावा. पावसाळ्यात येथे वाऱ्यामुळे पाणी कड्यावरून उलटे वर उडते आणि ते पाहायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. धुक्यात कडा दिसत नाही, दगड निसरडे होतात. चातुर्मासात अनावश्यक प्रवास टाळण्याची आपली रीत येथे सुरक्षेच्याही कामी येते. कोरड्या दिवसांतसुद्धा नानाच्या अंगठ्याजवळ मुलाचा हात सोडू नये आणि जीवधनचा चढ या खेपेस नकोच. त्यापेक्षा पूर गावचे कुकडेश्वर मंदिर पाहावे. कुकडी नदीचा उगम या परिसरातच आहे.

गावात आधी कळवल्यास घरगुती जेवण मिळू शकते. कांदा, लसूण व कंदमुळे नकोत, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. नाचणीची भाकरी आणि पिठले कांद्यावाचूनही चांगले लागते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारी तीनला निघावे, म्हणजे उजेडात घरी पोहोचून जेवण होते. निघण्याच्या आदल्या रात्रीच मुलाला सांगावे की सकाळी जायचे, डबा खायचा आणि संध्याकाळी याच घरी परत यायचे. त्याचे एखादे खेळणे मुद्दाम घरी त्याच्या उशीशी ठेवायला सांगावे. परतल्यावर ते त्याचे त्यालाच उचलू द्यावे.

अशा दोन-तीन सहली झाल्या, मूल स्वतःहून ‘पुन्हा कधी जायचे?’ म्हणू लागले, की खोपोलीची तिकिटे खुशाल काढावीत. शाळेच्या सुट्ट्या वगळून मधला वार पाहावा, उंचीच्या अटी आधी वाचाव्यात, आणि पहिल्या खेपेला तिघांनीच जावे.