भिलाईची भट्टी आणि दूरचे गोठलेले गोल

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकते आणि पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून रेल्वेचे रूळ म्हटले की भिलाई, हे समीकरणच होऊन बसले आहे.

झोतभट्टीतून सुमारे दीड हजार अंश सेल्सिअस तापमानाचा लोखंडाचा रस वाहतो. मोठ्या पात्रात तो बराच वेळ पातळ राहतो, पण त्याचा उडालेला थेंब क्षणात काळा पडतो. बशीतला चहा किटलीतल्या चहाआधी निवतो, तसेच हे. लहान वस्तू लवकर थंड होते.

मग सूर्यापासून दूर असलेले चिमुकले बर्फाळ गोल केव्हाच निपचित पडायला हवे होते. पण तसे झालेले नाही! शनीचा एन्सेलेडस हा उपग्रह जेमतेम ५०० किलोमीटर रुंदीचा. त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याच्या वाफेचे फवारे उडतात, हे कॅसिनी यानाने २००५ मध्ये दाखवले. तार पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते ना? शनीच्या कमीअधिक ओढीने एन्सेलेडसही सतत असाच मळला जातो आणि आतून तापतो.

प्लुटोला मात्र अशी ओढाताण आज नाही. तरीही जुलै २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानाला तिथे नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान आढळले, आणि त्यावर उल्कापाताचा एकही ठळक खड्डा नव्हता. बर्फ खालून वर घुसळला जातो आणि पृष्ठभाग नवा होत राहतो, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याला लागणारी ऊब खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून मिळत असावी. ती अगदी थोडी, पण नायट्रोजन उणे २१० अंशांनाच वितळतो. त्याला पोलादाची भट्टी कशाला हवी?

इंधन मात्र कुठलेच अक्षय नाही. किरणोत्सर्ग अब्जावधी वर्षांत मंदावतो. भिलाईला पिढ्यान्पिढ्या खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणीही रित्या होत आहेत, म्हणूनच रावघाटच्या डोंगरांकडे रेल्वेमार्ग न्यावा लागला.

भिलाईला गेलात तर मैत्रीबाग जरूर पाहा. शनी आकाशात असेल, तर रात्री मुलांना तोही दाखवा. एन्सेलेडस डोळ्यांना दिसणार नाही, पण त्याची चूल तिथेच पेटलेली आहे.