फुस्तातची कागदकोठी

काहिराच्या जुन्या भागात, फुस्तातमध्ये, हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्या मशिदीत जुहरची नमाज अदा करून आम्ही पायीच बेन एझरा सिनेगॉगला गेलो. यहुद्यांचे हे जुने प्रार्थनास्थळ जवळच आहे.

इथे महिलांच्या सज्जाच्या टोकाला एक कोठी होती. तिला ‘गेनिझा’ म्हणत. अल्लाहचे नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून जीर्ण पाने तिच्यात ठेवत. आपणही कुरआन शरीफचे फाटलेले पान कचऱ्यात टाकत नाही, तसेच हे. शेकडो वर्षे साठलेल्या या कागदांपैकी सुमारे 1,93,000 तुकडे आज केंब्रिजमध्ये आहेत. सॉलोमन शेख्टर यांनी ते 1896-97 मध्ये तिकडे नेले.

तौरातची गुंडाळी लिहिणारा कातिब मजकूर पाठ असला तरी समोर प्रत ठेवूनच लिहितो. अल्लाहचे नाव लिहिताना चूक झाली तर ते खोडत नाहीत; तो चर्मपत्राचा तुकडाच बाजूला काढतात. अक्षरेसुद्धा मोजलेली आहेत : 3,04,805.

हिब्रू लिपीत पूर्वी जेर-जबरसारख्या खुणा नव्हत्या. तबरियाच्या विद्वानांनी त्या बसवल्या आणि कोणता शब्द किती वेळा येतो, याच्या नोंदी समासात केल्या. त्यांच्यापैकी आरोन बेन आशेर यांनी इ.स. 930 च्या सुमारास तपासलेली प्रत सर्वांत विश्वसनीय मानली गेली. 1099 मध्ये क्रुसेडरांनी जेरुसलेम घेतले, तेव्हा ती त्यांच्या हाती पडली. काहिराच्या यहुद्यांनी पैसे मोजून ती सोडवून आणली. इथेच हकीम मूसा बिन मैमून यांनी ती प्रमाण मानली. पुढे ती हलबला गेली.

1947 मध्ये हलबच्या दंगलीत तिथले सिनेगॉग जाळले गेले. या प्रतीच्या सुमारे 487 पानांपैकी आज 294 उरली आहेत. सूरह हजमध्ये (आयत 40) अल्लाहचे नाव घेतले जाते त्या ठिकाणांत मशिदींसोबत यहुद्यांच्या इबादतगाहांचाही उल्लेख आहे. तो वाचणाऱ्याला या आगीचे दुःख व्हायलाच हवे.

मात्र 1008-09 मध्ये काहिरातच लिहिलेली दुसरी एक संपूर्ण प्रत सेंट पीटर्सबर्गमध्ये सुखरूप आहे. हलबची गेलेली बहुतेक पाने परत मिळाली नाहीत. पण त्यांतला मजकूर हरवला नाही, कारण तो आणखी कुणीतरी मन लावून उतरवून ठेवला होता. कुलूप एका प्रतीला जपते. ग्रंथ जपतात ते लिहिणारे आणि पाठ करणारे अनेक लोक. आपल्या हाफिजांकडे पाहिले की ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.