नळीवरचं पीस

नागपूरच्या मे महिन्यात रेझिनचं काम पहाटेच उरकावं. पारा ४५ अंशांकडे निघाला की ते भराभर घट्ट होतं, आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला सवडच मिळत नाही.

आज पेनाच्या पितळी नळीला आधी काळा रंग दिला. गडद पाठीवर कोंबड्याच्या पिसाची हिरवी झाक अशी उजळते की जीव सुखावतो. मधली दांडी काढली, तंतू नळीभोवती गुंडाळले, पातळ सुपरग्लू कडेकडेनं फिरवला. वरून पातळ लेप. तो वाळल्यावरच साच्यात रेझिन ओतायचं, नाहीतर तंतूंतली हवा बुडबुडे होऊन उठते.

रानपोपटाचं, घुबडाचं पीस मी वापरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याचा व्यापार गुन्हा आहे. आपसूक गळालेलं मोरपीस देशात चालतं. असं पेन घेताना पीस कुठल्या पक्ष्याचं, हे जरूर विचारा.