दाद

संस्कृतातील ‘दद्रु’ हिंदीत ‘दाद’ झाला. आपण त्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. मैफलीत द्यायची आणि दरबारात मागायची ती दाद निराळी, फारसीतून आलेली. दोघींचे नाते नाही. तरीही माझ्या जांघेतल्या गजकर्णाने वर्षभर कोणत्याच औषधाला दाद दिली नाही, तेव्हा हा योगायोग मला फारसा गमतीचा वाटला नाही.

सुरुवात पावसाळ्यातली. अर्धवट वाळलेले कपडे, घट्ट पँट, लोकलमधला घाम. औषधाच्या दुकानात पहिल्या दिवशी गर्दी होती, म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी ‘खाजेवर काहीतरी द्या’ एवढेच पुटपुटलो. कुठे, हे त्यानेही विचारले नाही. मिळालेली ट्यूब जादूची निघाली. तीन दिवसांत खाज गेली. पंधरा दिवसांनी परतली, अधिक ऐसपैस होऊन. मग पुन्हा ट्यूब.

अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला ट्यूबवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला लावली. (बारकाईने वाचावे कसे, हे शिकवण्याचा मी पगार घेतो.) बुरशीनाशकासोबत तीत तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मरत नाही. उलट त्वचेचा प्रतिकार निजला की ती पसरते आणि तिची ओळखीची गोल किनार पुसट होते. वैद्यकात याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हणतात : अज्ञातवासातले गजकर्ण! त्यात ही जागा नाजूक. वृषणाची त्वचा हातापेक्षा ४२ पट हायड्रोकॉर्टिझोन शोषते, असे १९६७ सालीच मोजले गेले आहे. अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम भारतात २०१८ साली झाला. माझ्याकडे चिठ्ठी कुणी मागितली नव्हती, हे खरे. आणि मला ती दाखवायची नव्हती, हेही खरे.

या भागातली प्रत्येक खाज गजकर्णाची नसते. साबणाची वा अँटिसेप्टिकची चीड, खरूज, सोरायसिस, मधुमेहात शिश्नाग्रावर होणारा कँडिडा, यांचे उपचार वेगवेगळे. म्हणून डॉक्टरांनी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि रक्तातली साखरही तपासली. निदान बुरशीचेच निघाले. भारतात पसरलेल्या तिच्या एका हट्टी प्रकाराला २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिई’ असे नाव मिळाले. नेहमीच्या टर्बिनाफिनला तो अनेकदा जुमानत नाही. मला इट्राकोनॅझोलच्या गोळ्या आणि स्टेरॉइडविरहित मलम मिळाले, तेही काही आठवडे. खाज थांबली म्हणून औषध थांबवायचे नाही, अशा तंबीसह. कपडे गरम पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, टॉवेल स्वतंत्र ठेवायचा.

‘घरात आणखी कुणाला आहे?’ त्यांनी विचारले. मी ठामपणे नाही म्हणालो.

त्या रात्री धीर करून पत्नीला सारे सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग उठून तिने कपाटातल्या साड्यांमागून तीच ट्यूब काढली. निम्मी संपलेली होती.