राखलेला कागद

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो. तैलरंगात अंधाराकडून उजेडाकडे येता येतं, शेवटच्या दिवशी जाड पांढरा ठेवून ज्योत पेटवता येते. जलरंगात ती सोय नाही. सगळ्यात उजळ जागा आधी ठरवायची, ती राखायची आणि भोवती काळोख वाढवत न्यायचा. तोही एका दमात येत नाही. वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळू द्यावा लागतो. खालचा थर ओला असताना ब्रश फिरला की रंग मळतात, आणि मळलेला काळोख मेलेला दिसतो.

म्हणून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र पाहताना माझी नजर आधी त्यातल्या स्त्रीच्या हातांवर जाते, चेहऱ्यावर नंतर. एका हातात दिवा, दुसऱ्याचा ज्योतीला आडोसा. बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड पाहिला की वाटतं, हे चित्र बोटांच्या फटींपासूनच सुरू झालं असावं. त्या फटी आधी मनात पक्क्या असल्याशिवाय मागच्या भिंतीचा अंधार एवढा मोकळा, श्वास घेणारा राहणं शक्य नाही.

हे चित्र रंगवणारे सावळाराम लक्ष्मण हळदणकर सावंतवाडीचे, जन्म 1882 चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सेसिल बर्न्स आणि धुरंधर यांच्या हाताखाली शिकले. 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रसंस्था काढली, 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढे होते. व्यक्तिचित्रांसाठी त्यांचं नाव होतंच, पण निसर्गचित्रंही त्यांनी मनापासून रंगवली, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. उघड्यावर बसलं की ऊन कुणासाठी थांबत नाही. काय सोडायचं हे तिथे झटपट ठरवावं लागतं. व्यक्तिचित्रातली बांधणी आणि निसर्गचित्रातली ही सोडण्याची सवय, दोन्ही एकाच हातात असल्यामुळेच दिव्याचं हे चित्र जलरंगात उतरलं.

त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. तरीही कित्येक जण हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा या चित्राच्या कितीतरी आधी, 1906 मध्येच वारले, आणि त्यांचं मुख्य माध्यम तैलरंग होतं. तेव्हा म्हैसूरला गेलात तर चित्राखालची पाटी वाचा, आणि सोबतच्या मुलांना चित्रकाराचं नाव मोठ्याने सांगा: हळदणकर.