बिनमाइकचा पार्ट

झाडीपट्टीत वडशाच्या नाटक मंडळांतून मी सतरा हंगाम काढले. दिवाळी सरली की गावोगावची मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. मंडपाच्या शेवटच्या टोकाला चादर पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत वाक्य गेलं पाहिजे, ही पहिली शिकवण. नाइट मिळेनाशा झाल्या, केळझरला घरी परतलो, तरी माझी पट्टी खाली आली नाही.

परवा मुलीनं ‘रेंटल फॅमिली’ दाखवला. हिकारी या जपानी दिग्दर्शिकेचा, २०२५ सालचा. टूथपेस्टच्या एका जाहिरातीपुरता गाजलेला अमेरिकी नट टोकियोत भाड्यानं नातलग पुरवणाऱ्या कंपनीत कामाला लागतो. एका शाळकरी पोरीचा बाप होतो. हे सोंग आहे हे तिला ठाऊक नसतं. ते मला खुपलं, अजून खुपतं. पण ब्रेंडन फ्रेझरचं काम! एवढा धिप्पाड माणूस खांदे आत घेऊन बसतो आणि समोरच्याचं ऐकत राहतो.

‘नटसम्राट’मधले म्हातारे नट बेलवलकर आठवले. शिरवाडकरांच्या त्या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. त्यात बेलवलकर झालेले, टांझानियात डॉक्टरी करून आलेले श्रीराम लागू तेव्हा नुकतेच पूर्णवेळ नट झाले होते. बेलवलकरांचा रंगमंच सुटला, पण लेकाच्या घरातही आवाज रंगमंचाचाच राहिला. माझंही तेच होतं.

आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथं मानतात. सिद्धिविनायकाच्या टेकडीवर गेलं की मला भीम आठवतो. परक्या गावात वेश पालटून राहिलेला, आसरा देणाऱ्या घराची पाळी आपल्या अंगावर घेणारा. बकासुर पाठीत बुक्क्या घालतोय आणि हा मान न वळवता जेवतोय! तालमीला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हाच प्रवेश देतो. पाठीवर थाप पडली तरी हातातला घास थांबता कामा नये.

शेजारच्या आजींना आता दिसत नाही. एका संध्याकाळी माझी चाहूल लागताच त्यांनी विचारलं, “आला का रे बाबू?” बाबू त्यांचा लेक, पुण्याला असतो. मी भरदार आवाजात म्हणालो, “आलो, माय!” त्या दचकल्या, गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर बसलो. “माय, मी शेजारचा,” हळूच म्हणालो. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि बाबूच्या लहानपणीचं सांगायला लागल्या. दिवेलागण होईपर्यंत मी ऐकत होतो.