किती लांब? कुठल्या बाजूने?

मी राहतो ते सॅन फ्रान्सिस्को दिल्लीपासून किती लांब? उत्तर सोपं नाही राव. ऑक्टोबर २०१६ पर्यंत एअर इंडियाचं थेट विमान दिल्लीहून अटलांटिकवरून यायचं, साधारण १३,९०० किमी. मग त्यांनी तोंडच फिरवलं, पॅसिफिकवरून आले. सुमारे १५,३०० किमी! म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि पोचले मात्र जवळपास दोन तास आधी, साडेचौदा तासांत. सगळी करामत वाऱ्याची. तिथे वर दहा-बारा किमीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम सुसाट वाहतो. पाठीशी असला तर फुकटचा धक्का, समोरून आला तर खोडा. (फिजिक्सच्या तासाला हे सांगितलं असतं तर झोपलो नसतो.)

आईला हे रंगवून सांगितलं. तिला किलोमीटरचं काही पडलेलं नाही. बाबांच्या बायपासनंतर तिचा एकच प्रश्न असतो, "रात्री फोन केला, तर दारात कधी उभा राहशील?" मी म्हणतो, सोळा-सतरा तास. ती त्यात सुटी, तिकीट, दिल्लीतलं ताटकळणं, पुढे नाशिक, सगळं मिळवते. तिचा हिशोब अडीच दिवसांवर येतो. मी दोनदा तपासला, बरोबर आहे.